नगरचा स्पाइक मिलिगन: विनोद आजारामुळे, की आजार असूनही?

माळीवाडा (धागाकर्ता)

नगर म्हटलं की लोकांना भुईकोट किल्ला आठवतो, चाँदबिबीचा महाल आठवतो, फार तर रणगाड्यांचं संग्रहालय. स्पाइक मिलिगन कुणाला आठवत नाही. १६ एप्रिल १९१८ ला तो नगरमध्ये जन्मला. वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत तोफखान्यात. बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं, पुण्यात तो कॉन्व्हेंटमध्ये शिकला. पुढे लंडन, मग महायुद्ध, आणि १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम 'द गून शो', लेखन मुख्यतः त्याचंच. सोबत पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब. नंतरच्या मॉन्टी पायथन या गाजलेल्या विनोदी चमूने ज्याचं ऋण उघड मान्य केलं तो हाच माणूस.

त्याला बायपोलर होता, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य. त्या काळच्या भाषेत मॅनिक डिप्रेशन. त्याने ते लपवलं नाही. १९९३ मध्ये अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर नैराश्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण त्याच्यावरचा कुठलाही लेख उघडा, 'वेडातूनच प्रतिभा फुलली' छापाचं एक वाक्य असतंच. माझा त्याला विरोध आहे.

नुसत्या तारखा लावून बघा. जानेवारी १९४४, इटलीत मोन्ते कासिनोची लढाई. उखळी तोफेच्या गोळ्याने पायाला जखम झाली आणि नसा कोलमडल्या. वरिष्ठाने या जखमी माणसाचा हुद्दा काढून घेऊन त्याला परत साधा गनर केलं. मे १९५१ ला 'गून शो' सुरू. दर आठवड्याला अर्ध्या तासाची नवी संहिता. डिसेंबर १९५२ मध्ये तो पुरता कोसळला आणि लंडनच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात गेला. कार्यक्रम मात्र थांबला नाही. लॅरी स्टीफन्स आणि जिमी ग्राफ्टन यांनी लेखन ओढून नेलं. म्हणजे आजार ऐन भरात होता तेव्हा विनोद दुसऱ्यांनी लिहिला. १९५४ नंतर एरिक साइक्स जोडीला आला, शेफर्ड्स बुशमध्ये भाजीच्या दुकानावर लेखकांची कचेरी थाटली गेली, ओझं वाटलं गेलं आणि मग कार्यक्रमाचा सुवर्णकाळ आला.

आजाराने त्याला विनोद दिला नाही, उलट कामाचे महिने खाल्ले. यावर बोला.

तिसरी_घंटा

तारखा बरोबर, निष्कर्ष घाईचा. आजार म्हणजे फक्त कोसळण्याचे महिने असं तुम्ही धरलंय. बायपोलरमध्ये कोसळण्याच्या आधी एक चढ असतो. हायपोमेनियात झोप तीन-चार तासांवर येते, माणूस थकत नाही, एका शब्दावरून दुसऱ्यावर आणि ध्वनिसाम्यावरून तिसऱ्या अर्थावर उड्या मारत जातो. आता 'गून शो' कानांनी ऐका. यमकाच्या ओढीने वाक्य भरकटतं, एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असतो, आणि हे सगळं श्वास न घेता. हा मेंदूचा वेगच आहे, तो तालमीने येत नाही.

मोज्याचा किस्सा घ्या. कस्टर्डने भरलेला मोजा आपटल्याचा आवाज हवा होता. बाबा बीबीसीच्या कँटीनमध्ये गेला, खास कस्टर्ड करून घेतलं, स्वतःच्या मोज्यांत ओतलं आणि फळीवर आपटलं. शहाणा माणूस हे करत नाही!

आणि रुग्णालयात काहीच लिहिलं नाही म्हणता, तर त्याच्या नैराश्यावरच्या कवितेखाली सेंट ल्यूक्सच्या मानसोपचार विभागाचंच नाव आहे.

जुनी_टेप

मोज्याचा किस्सा अर्धाच सांगितलात. आवाज मनासारखा आला नाही, म्हणून त्याने तो टाकून दिला! कस्टर्ड केलं, आपटलं, ऐकलं, नापास केलं. याला वेड म्हणायचं तर प्रत्येक ध्वनिसंयोजक वेडा. रेडिओत त्या काळी घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, पावलांना खडीचा ट्रे, दाराला खरंखुरं छोटं दार असायचं. मिलिगनला या ठरावीक आवाजांचा कंटाळा होता. त्याला गंमत आवाजाच्या लांबीत करायची होती. पावलं वाजतात, लांब जातात, परत येतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस अजून खोलीतच आहे. यासाठी तबकड्या आधी कापून ठेवाव्या लागतात, सेकंद मोजावे लागतात, ध्वनीवाल्याला कागदावर खुणा द्याव्या लागतात. रविवारी प्रेक्षकांसमोर रेकॉर्डिंग, त्यात चूक झाली की अख्ख्या थिएटरसमोर शोभा. चढलेल्या उन्मादात हे जमत नाही, त्या अवस्थेत यादीच पुरी होत नाही.

सांख्यिक

दोन्ही बाजू एकाच माणसावर भांडताहेत, म्हणून थोडे आकडे टाकतो.

नॅन्सी अँड्रिअसन, १९८७, आयोवाच्या लेखन कार्यशाळेतले ३० लेखक आणि तुलनेला ३० इतर लोक. मनोवस्थेचा आजार (नैराश्य, बायपोलर वगैरे) कधीतरी झालेले लेखकांत ८० टक्के, इतरांत ३०. हा आकडा वर्तमानपत्रं नाचवतात. पण मुलाखती बाईंनी स्वतः घेतल्या आणि समोरचा लेखक आहे की नाही हे त्यांना ठाऊक होतं. मोजणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असलं की मोजमाप झुकतं. त्यात सगळे लेखक एकाच कार्यशाळेचे.

के रेडफील्ड जेमिसन, १९८९, ब्रिटनचे ४७ नामवंत लेखक-कलाकार, त्यातल्या ३८ टक्क्यांनी मनोवस्थेच्या आजारावर उपचार घेतलेले. इथे तुलनेचा गटच नाही.

मग स्वीडनमधला क्यागा आणि मंडळींचा अभ्यास, राष्ट्रीय नोंदींवरचा. २०११ मध्ये सुमारे तीन लाख रुग्ण, २०१३ मध्ये बारा लाखांच्या घरात. यात कुणाच्या आठवणीवर विसंबायचं नव्हतं, रुग्णालयाची नोंद आणि जनगणनेतला व्यवसाय जुळवला. सर्जनशील व्यवसायांत मानसिक आजार एकंदरीने जास्त आढळले नाहीत. अपवाद बायपोलरचा. लेखक मात्र वेगळे पडले, त्यांच्यात बरेच आजार जास्त होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर रुग्णांची निरोगी भावंडं सर्जनशील व्यवसायांत अपेक्षेपेक्षा जास्त होती.

विनोदवाल्यांचा वेगळा अभ्यास २०१४ चा आहे. ५२३ विनोदी कलाकार, ३६४ नट आणि ८३१ इतर लोक. आवेग, विचारांचं भरकटणं, चमत्कारिक अनुभव, लोकांपासून तुटलेपण असे चार कल प्रश्नावलीने मोजले. विनोदवाले चारही मोजपट्ट्यांवर वर होते. पण ही स्वभावाची मोजपट्टी आहे, निदान नव्हे. उंच माणूस आणि महाकायतेचा रुग्ण या दोन गोष्टी वेगळ्या, तसंच.

तिसरी_घंटा

धन्यवाद, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. बायपोलरचा अपवाद टिकला आणि मिलिगन बायपोलरच होता. भावंडांच्या आकड्याचा अर्थही सरळ आहे: जे गुण कुटुंबात आजार घेऊन येतात तेच कल्पनाशक्तीही आणतात. मूळ एकच.

माळीवाडा

मूळ एक असेल, मान्य. इथे मी एक पाऊल मागे घेतो. धाग्यात मी 'आजाराने विनोद दिला नाही' असं सरसकट लिहिलं, ते 'आजाराच्या झटक्यांनी दिला नाही' असं वाचा. पण भावंडांच्या आकड्यातला 'निरोगी' हा शब्द तुम्ही गिळलात. त्यांना कल्पनाशक्ती मिळाली आणि रुग्णालय मिळालं नाही. मग कलेसाठी झटका लागतो हे म्हणणं कुठे उरलं?

कवितेचं म्हणाल तर ती आहेच, आणि ती दुःखाची कविता आहे. तिच्यावर कुणी हसत नाही. छोटी कविता वॉर्डात होऊ शकते. सहा महिन्यांत २६ भागांचा रतीब वॉर्डातून घालता येत नाही.

गोळी_घ्या_गोळी

औषधाबद्दल कुणीच बोलत नाहीये, आणि खरी गोम तिथे आहे. १९५२ मध्ये मिलिगनसाठी काय उपलब्ध होतं? झोपेसाठी बार्बिट्युरेट, कोंडून ठेवणं, विजेचे शॉक. मानसिक आजारावरचं क्लोरप्रोमाझिन हे औषध त्याच वर्षी फ्रान्समध्ये वापरात आलं. नैराश्यावरचं इमिप्रामिन १९५७ चं. लिथियम उन्मादावर चालतं हे ऑस्ट्रेलियात जॉन केडने १९४९ मध्येच दाखवलं होतं, पण त्यात पेटंटचा पैसा नव्हता आणि विषबाधेची भीती होती, त्यामुळे सर्वत्र पोचायला दोन दशकं लागली. अमेरिकेत परवानगी १९७० ला. तेव्हा पन्नाशीच्या दशकात तो औषधाशिवाय तगला ही त्याची निवड नव्हती. औषधच हाताशी नव्हतं.

'गोळीने प्रतिभा मरते' या भीतीवर डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९७९ मध्ये लिथियमवरच्या २४ कलाकारांना विचारलं. १२ म्हणाले काम वाढलं, ६ म्हणाले फरक नाही, ६ म्हणाले कमी झालं.

कोपरखळी

म्हणजे चारात एकाचं काम बुडालं. त्या सहांना काय सांगणार, 'तुम्ही पंचवीस टक्के आहात, गप बसा'? आणि हे २४ जण लिथियम चालू असलेले होते ना? ज्यांनी डोकं जड होतंय म्हणून गोळी कधीच फेकून दिली ते मोजणीत आलेच नाहीत.

उपचाराला माझा विरोध नाही. पण रंगमंचावर दीड तास उभं राहणाऱ्याचा हात थरथरतो, तोंड कोरडं पडतं, शब्द अर्ध्या सेकंदाने उशिरा येतो. विनोदात अर्धा सेकंद म्हणजे सगळं. तो माणूस गोळी सोडतो त्याला 'आजाराचं कौतुक' कारणीभूत नसतं. त्याच्या धंद्याचं हत्यार बोथट झालेलं असतं, म्हणून सोडतो.

गोळी_घ्या_गोळी

मोजणीतल्या खोटीबद्दल शंभर टक्के मान्य. बोथटपणाही खरा आहे, काल्पनिक नाही. पण हत्याराला धार लावता येते, ते फेकायची गरज नसते.

पहिलं, रक्तातली पातळी. नेहमीच्या देखभालीला ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर पुरते. उन्मादाचा झटका आला असताना ती ०.८ ते १.० पर्यंत नेतात, आणि झटका ओसरल्यावर मात्रा उतरवायची राहून जाते. मग माणूस महिनोन्‌महिने ०.९-१.० वर जड डोक्याने फिरतो आणि दोष 'लिथियम'ला जातो. ०.६ च्या जवळ आणलं की बऱ्याच जणांची जिभेवरची जडता उतरते.

दुसरं, थायरॉइड. लिथियम थायरॉइड मंदावू शकतं. सुस्ती, वजन, विसरभोळेपणा हे त्यानेही होतं. टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी दर सहा महिन्यांनी करायची, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि कॅल्शियमही त्याच वेळी.

तिसरं, थरथर. बारीक थरथर पातळी कमी केल्याने किंवा दिवसाची मात्रा एकदम रात्री घेतल्याने कमी होते. तरी राहिली तर डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात, दमा असेल तर नाही. चहा-कॉफी एकदम बंद करू नका, कॅफिन अचानक थांबवलं की लिथियमची पातळी वर जाते. हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आता जिथे लोक खरोखर मरणाच्या दारात जातात ते. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ते मीठ धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. जुलाब, उलट्या, उन्हातली वारी, निर्जळी उपास, अचानक अळणी जेवण यांनी पातळी चढते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने चढते, तेव्हा डोकेदुखीला पॅरासिटॅमॉल घ्या. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांचं नाव 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने संपतं त्यांनी चढते, लघवीच्या गोळ्यांनीही. दीडच्या वर विषबाधा धरतात: हात मोठ्याने थरथरणं, तोल जाणं, बोलणं जड होणं, उलट्या-जुलाब. पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. 'सोमवारी डॉक्टरांना विचारू' हे चालत नाही.

आणि सोडायचीच असेल तर एका रात्रीत नको. किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिन्यांत हळूहळू कमी करायची. एकदम सोडल्यावर उन्माद उसळून येतो आणि मग 'बघा, गोळी सोडल्यावर काय सुचतंय' असं त्या माणसाला आठ-दहा दिवस वाटतं. ते दहा दिवस फार फसवे असतात.

कोपरखळी

ही माहिती पटली. पण एवढं सगळं बघणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी मिळतो का, ते सोडून देऊ.

मीरा_का

तुम्हा सगळ्यांशीच माझं भांडण आहे. माणूस २७ फेब्रुवारी २००२ ला गेला आणि आपण त्याच्या मेंदूचा पंचनामा करतोय. मिलिगनचं एक बरं की तो स्वतः बोलला. बाकीच्यांचं काय?

हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्सचं उदाहरण बघा. ११ ऑगस्ट २०१४ ला त्याने जीवन संपवलं आणि दुसऱ्या दिवशी जगभर एकच मथळा: हसवणाऱ्या माणसाचं लपलेलं नैराश्य. जोकरचे अश्रू वगैरे. शवविच्छेदनात निघालं ल्युई बॉडी डिमेन्शिया, तेही मेंदूभर पसरलेलं. मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या जमतात असा हा आजार. त्याच्या पत्नीने २०१६ मध्ये मज्जासंस्थेच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात सगळा क्रम लिहिला: बद्धकोष्ठता, वास न येणं, झोप उडणं, डाव्या हाताची थरथर, संशय, भीतीचे झटके. २०११ मध्ये ब्रॉडवेवर शेकडो ओळी चूक न करता म्हणणाऱ्या माणसाला २०१४ च्या एप्रिलमध्ये चित्रीकरणात एक ओळ लक्षात राहीना. मे महिन्यात निदान पार्किन्सन्सचं झालं, खऱ्या आजाराचं नाव मरणानंतर कळलं.

यात व्यवहाराचा धडा आहे. साठीच्या आसपास पहिल्यांदाच भ्रम, भीती आणि नैराश्य सुरू झालं तर ते 'स्वभावाचं' किंवा 'कलाकाराचं' धरू नका, मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेत हातपाय झाडणं, वास जाणं, दिवसागणिक खालीवर होणारी शुद्ध आणि नसलेली माणसं-जनावरं दिसणं, हे आवर्जून सांगा. कारण या आजारात हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर शरीर ताठरतं, शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो.

आणि बातम्यांचं म्हणाल तर त्या मृत्यूनंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा १,८४१ आत्महत्या जास्त झाल्या, जवळजवळ दहा टक्के. 'अलादीन' चित्रपटातल्या जिनीला त्याचा आवाज होता, त्यावरून ऑस्करवाल्या अकादमीने 'जिनी, तू मुक्त झालास' अशा अर्थाचं ट्वीट केलं होतं. मरण म्हणजे सुटका, असा अर्थ त्यातून निघतो, म्हणून आत्महत्या-प्रतिबंधाचं काम करणाऱ्यांनी तेव्हाच त्याला आक्षेप घेतला. आपल्याकडे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये नियम घालून दिले: पहिल्या पानावर ठळक नको, पद्धत आणि जागा वर्णू नका, सनसनाटी मथळे देऊ नका. किती पाळले जातात ते आपण रोज बघतो.

सांख्यिक

मीराताई, एक भर. लांबून निदान करू नये हा नियम असाच खरचटून आला. १९६४ मध्ये एका अमेरिकन मासिकाने राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का, असं मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं. १,१८९ जणांनी न तपासताच 'नाहीत' म्हणून कळवलं. गोल्डवॉटर त्यावरचा बदनामीचा खटला जिंकले. १९७३ मध्ये तिथल्या संघटनेने नियम केला: स्वतः तपासलं नसेल आणि परवानगी नसेल तर सार्वजनिक व्यक्तीचं निदान बोलू नये.

माळीवाडा

मीराताई, म्हणूनच मी मिलिगन निवडला. निदान त्याच्या डॉक्टरांचं, जाहीर त्याने स्वतः केलं, त्यावर पुस्तक स्वतः लिहिलं. जिथे हे तिन्ही नाही तिथे बोलू नये, याला माझं अनुमोदन. आपल्याकडे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २४ आहे: मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. 'अमुक अभिनेता अमुक रुग्णालयात' ही बातमी आतल्या कुणीतरी फोडलेली असते, आणि ते कायद्याचं उल्लंघन असतं.

जुनी_टेप

आजार शोधायच्या नादात साधा खट्याळपणाही लोक फायलीत घालतात. १९९४ चा ब्रिटिश विनोदी पुरस्कारांचा सोहळा आठवा. ७६ वर्षांच्या मिलिगनसाठी युवराज चार्ल्सचं कौतुकपत्र वाचून दाखवत होते. हा मध्येच युवराजाला लाळघोट्या म्हणून शिवी हासडून मोकळा. सभागृह फुटलं. नंतर त्याने फॅक्स करून विचारलं, म्हणजे आता सरदारकी विसरायची ना? पुढे मानाची सरदारकी मिळालीही. यात उन्माद कुठे आहे? वेळ अचूक, लक्ष्य अचूक, मागाहूनची माफीही विनोदीच.

बटाटे सोलायची सुरी घेऊन तो सेलर्सला मारायला निघाला हा १९५२ चा किस्सा लोक याच सुरात, हसत हसत सांगतात. तो मात्र विनोद नव्हता. त्याच दिवसांत त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. एकाच माणसाच्या या दोन गोष्टी, आणि आपल्याला त्या वेगळ्या काढता येत नाहीत, कारण आपण दोन्हींना 'वल्ली' म्हणून टाळी देतो.

तिसरी_घंटा

'वल्ली' या शब्दाला का धोपटताय? मराठीत तो प्रेमाचा शब्द आहे. त्याच मराठीत 'ठाण्याला पाठवा' आणि 'येरवड्याला जागा आहे का बघा' हेही आहे. मला वल्ली केव्हाही परवडली. वेगळ्या माणसाला खपवून घेणारा समाज त्याला साखळीने बांधणाऱ्या समाजापेक्षा बरा.

सांख्यिक

खपवून घेणं कधीकधी उपचार न देण्याचं गोड नाव असतं. वशिष्ठ नारायण सिंह घ्या. बिहारमधल्या बसंतपूरचे, १९६९ मध्ये बर्कलेहून गणितात पीएचडी. पुढे स्किझोफ्रेनिया, रांचीजवळच्या कांकेच्या मानसोपचार संस्थेत अनेक वर्षं. १९८९ मध्ये पुण्याला येताना रेल्वे प्रवासातून बेपत्ता झाले, चार वर्षांनी छपराजवळ सापडले. २०१९ मध्ये पाटण्यात गेले, पद्मश्री मरणोत्तर. आता त्यांच्याबद्दल काय फिरतं? 'आइनस्टाइनला आव्हान दिलं', 'अपोलोचे संगणक बंद पडले तेव्हा यांनी तोंडी हिशेब केला'. याला धड आधार नाही. त्यांचं खरं संशोधन हिल्बर्ट अवकाशावरच्या क्रियाकारकांवर होतं, ते कुणी सांगत नाही. दंतकथा फुकट असते. चार दशकं औषध आणि सोबत पुरवायला पैसा आणि माणसं लागतात.

तिसरी_घंटा

हे मात्र लागलं. शब्द मागे घेत नाही, पण टाळी थोडी हळू वाजवीन.

बरं, आता उलटा प्रश्न. समजा मंडळीत असा एखादा आहे. प्रयोग लागलेत, तिकिटं गेलीत, आणि तो चढायला लागलाय. लेख-बिख राहू द्या, करायचं काय?

मीरा_का

झोप मोजा. मूड विचारत बसू नका, तो 'एकदम मस्त' म्हणेल. सलग दोन-तीन रात्री तीन-चार तास झोप आणि तरीही थकवा नाही, ही खूण इतरांपेक्षा आधी दिसते. मग बोलण्याचा वेग, पहाटेचे तीस-चाळीस मेसेज, उधळपट्टी, एकदम तीन नवी नाटकं. हे चार दिवस टिकलं आणि आसपासच्यांना फरक दिसला तर हायपोमेनिया धरतात. आठवडाभर टिकून कामधंदा विस्कटला, किंवा भरतीच करावं लागलं, तर मेनिया.

अशा वेळी रात्रीचे दौरे आणि रात्रभराच्या तालमी सगळ्यात वाईट. दोन प्रयोगांमध्ये एक रात्र मोकळी ठेवा, बदली नट आधीच तयार ठेवा. दारू बंद. गोळ्या दौऱ्याच्या पेटीत नको, अंगावरच्या पिशवीत. आणि नैराश्यासाठी कुणी नुसती नैराश्याची गोळी लिहून देत असेल तर आधीचा चढ डॉक्टरांना सांगा. बायपोलरमध्ये एकटी ती गोळी माणसाला उन्मादात ढकलू शकते. डॉक्टरांना बहुतेक वेळा फक्त उतार सांगितला जातो, चढाला कुणी आजार समजतच नाही.

बरा असताना त्याच्याकडून दोन कागद करून घ्या. कायद्यात आगाऊ निर्देशाची सोय आहे: कोणता उपचार हवा, कोणता नको. आणि नामनिर्देशित प्रतिनिधी कोण ते. आणीबाणीच्या ७२ तासांच्या उपचाराला आगाऊ निर्देश लागू होत नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर मागाहून भांडणं होतात. शॉकची धास्ती असेल तर सांगा की भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला आता कायद्याने बंदी आहे, आणीबाणी म्हणूनही शॉक देता येत नाही. रात्री-बेरात्री काही सुचेना तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं. जिवाचं बोलायला लागला तर एकटं सोडू नका आणि फोनवर थांबू नका, रुग्णालय गाठा.

कोपरखळी

थडग्याचं राहिलं. त्याला दगडावर 'मी सांगितलं होतं ना, मी आजारी आहे' असं कोरून हवं होतं. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत पटेना, शेवटी आयरिश भाषेत कोरलं. इंग्लंडमध्ये विंचेल्सीला आहे. तिसरी_घंटा म्हणतील विनोद, माळीवाडा म्हणतील तक्रार.

माळीवाडा

तक्रारच. १९४४ पासूनची.

तिसरी_घंटा

आणि तरी हसू येतं, त्याचं काय करू?

गोळीवाले, जाता जाता एक. लिथियमची तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची ना?

गोळी_घ्या_गोळी

उपाशीपोटीची गरज नाही, घड्याळाची आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. रात्री दहाला घेतली तर सकाळी दहाला रक्त, सातला नाही. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. मात्रा बदलली असेल तर मध्ये पाच ते सात दिवस जाऊ द्या. आणि नळीकडे लक्ष ठेवा. हिरव्या टोपीच्या नळीत लिथियम हेपॅरिन असू शकतं, तिच्यात रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि ठणठणीत माणसाचा आकडा दोनच्या वर येतो. लाल किंवा पिवळी टोपी मागा.